आमच्याच रानात पावती

"परदेशात असं चालतं का?" हा प्रश्न आमच्या घरच्या ग्रुपवर दर जूनला उगवतो, आणि भांडणाऱ्या दोन्ही बाजू तो एकमेकांच्या तोंडावर मारतात. यंदाही तेच. धबधबे, धरणं, घाटवाटा बंद केल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कुणीतरी टाकला. कलम 163, म्हणजे आपलं जुनं 144. भाचा लगेच उखडला. "बंदी घालणं हा निव्वळ आळस आहे. परदेशात बघा, लोक जंगलात कसे बिनधास्त फिरतात." त्यावर भाऊजी: "बंदच करून टाका सगळं. आपल्या लोकांना अक्कल नाही. परदेशात बघा, काय शिस्त असते." त्या ग्रुपवर परदेशात राहणारी मी एकटी. मला दोघांनीही काही विचारलं नाही. साक्षीदाराला बाहेर बसवून साक्ष आपापसांत वाटून घेतली.

मी तेव्हा कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर अल्गॉन्क्विन या जंगल-उद्यानाच्या सहलीची यादी घेऊन बसले होते. बेत बॅरन नदीचा. अक्रेला होडी पाण्यात टाकायची, ग्रँड लेक, स्ट्रॅटन, सेंट अँड्रूज अशी तळी ओलांडत जायचं, मधल्या पोर्टेजना, म्हणजे दोन पाण्यांमधल्या पायवाटांना, होडी खांद्यावर घ्यायची, आणि ब्रिगम लेकनंतर कॅन्यनमध्ये उतरायचं. दोन्ही बाजूंना शंभर मीटरचे कडे आणि मधून काळसर, संथ पाणी. बाहेर निघायचं ते स्क्विरल रॅपिड्सला, म्हणून दुसरी गाडी आधीच तिथे नेऊन ठेवायची. फोनला रेंज नाही, त्यामुळे कुठे असू आणि कधी परत येऊ, ते शेजारणीकडे लिहून ठेवायचं.

तर भाच्याचं 'बिनधास्त'. मुक्कामाचं परमिट पाच महिने आधी सकाळी सातला खुलं होतं. जुलैच्या लाँग वीकेंडला जायचं, तर फेब्रुवारीत बाहेर बर्फ असताना घरात दोन लॅपटॉप आणि दोन फोन उघडून बसायचं. 'जंगलात चाललोय' एवढं सांगून भागत नाही. कुठल्या रात्री कुठल्या तळ्यावर ते आधी द्यायचं, आणि त्या रात्री त्याच तळ्यावर असायचं. पाऊस लागला, हात दुखले, मूल रडलं, तरी. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं. डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत. होडीत माणशी एक लाइफ जॅकेट, शिवाय शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि पंधरा मीटर तरंगती दोरी. तळ्यावरच्या जागा संपल्या की संपल्या, तिथे कुणाच्या ओळखीचा फोन चालत नाही.

डबे चालत नाहीत म्हणून छोल्यांचे कॅन कपाटातच राहतात आणि आमचं सामान आपोआप आजीच्या शिदोरीसारखं होतं. भाजलेलं बेसन, मेतकूट, तांदूळ, गुळाची ढेप फोडून केलेले खडे, लसणाची चटणी. हे सगळं निळ्या बॅरलमध्ये कोंबायचं, कडी आवळायची आणि रात्री तंबूपासून लांब ठेवायचं. नवरा म्हणतो, त्या लसणाच्या चटणीपुढे बॅरलचं रबर काय टिकणार? पेम्ब्रोकपर्यंतच्या अस्वलांना आपण कुठले ते कळलं असेल.

आता भाऊजींची 'शिस्त'. इथे चढ्या पाण्याशी ना पोलीस उभा असतो, ना बांबू आडवा लावलेला असतो. रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या उताराच्या, आधी काठावर एक पिवळी पाटी दिसते, की होडी इथे उचला. नाही उचललीत तर तुमची मर्जी आणि तुमचं नशीब. टॉम थॉमसन हा या देशाचा लाडका चित्रकार. हेच जंगल रंगवून तो मोठा झाला. 1916 चा उन्हाळा त्याने या ग्रँड लेकवरच वणव्यांची राखण करत काढला, आणि पुढच्या जुलैत कनू लेकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. म्हणून कनू लेक काही कुणी बंद केलं नाही. आजही झुंबड उडते ती तिथूनच आत शिरायला.

म्हणजे इथे जीव धोक्यात घालायला बंदी नाही. एका वेळी किती जणांनी घालायचा, याचा हिशेब आहे. आपल्याकडे 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्या वर्षी 15 जूनला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारची गर्दी अंगावर असताना कोसळला, चार जण गेले. दोन्ही वेळा आमच्या ग्रुपवर चर्चा एकच, बंदी की मोकळीक. त्या पुलावर एका वेळी किती माणसं सोडायची, रविवारी सकाळी तिथे उभं राहून ती मोजायची कुणी, आणि त्या मोजणाऱ्याचा पगार कुठल्या खात्यातून, हे कुणी विचारत नाही. बंदीचा कागद फुकट निघतो. माणूस उभा करायला पैसे पडतात.

एवढं सगळं मी मराठीत, परिच्छेद पाडून टाइप केलं आणि पाठवलं. भाच्याने अंगठा दाखवला. भाऊजींनी तोही नाही.

उत्तर आलं बापूकाकांचं. बापूकाका म्हणजे आत्याचे धाकटे दीर. त्यांचं गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं, आता शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या, पाण्याखाली आहे. ग्रुपवर ते सुप्रभातच्या पुढे कधी जात नाहीत. त्यांनी एकच ओळ लिहिली: "बामणोलीत आमचीही पावती फाडतात."

जलाशयापलीकडच्या वासोटा किल्ल्यावर गेलेल्यांना पावती म्हणजे काय ते सांगायला नको. बामणोलीत वन खात्याच्या कचेरीत नावं लिहायची, शुल्क भरायचं, मग लाँचने जलाशय ओलांडायचा. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून घेतात, त्यावर अनामत ठेवून घेतात, परतताना तेवढेच दाखवले तर अनामत परत. गडावर मुक्काम नाही, अंधाराच्या आत माघारी. पावसाळ्यात बंद. हे रान 1985 पासून अभयारण्य, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. म्हणजे ज्या मोजणीचे मी गोडवे गात होते ती माझ्या माहेरच्या मेढ्यापासून घाटापलीकडे केव्हाची चालू आहे. बामणोलीतला तो बाटल्या मोजणारा पोरगा तर इथल्या वॉर्डनपेक्षा कडक. पिशवीच्या तळाशी बोटं घालून वेफर्सचा रिकामा पुडा बाहेर काढतो, पेनाने आकडा खोडून नवा लिहितो आणि मान वर न करता "पुढचे" म्हणतो. माझ्या मुद्द्यात तो पोरगा बसत नव्हता.

बापूकाकांची तक्रार मोजण्याबद्दल नाहीच. मोजा की, ते म्हणतात. पण घरच्यांना पाहुण्यांच्या रांगेत का उभं करता? मुंबईला वीज हवी होती म्हणून गाव गेलं. साठ वर्षं उलटली तरी कोयनेच्या सगळ्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन पुरं झालेलं नाही, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांची संघटना श्रमिक मुक्ती दल त्यासाठी कोयनानगरला ठिय्या देत आले आहेत. पाण्याने सोडलं ते रान पुढे अभयारण्यात गेलं. बापूकाकांचा देव पलीकडच्या काठाला राहिला. वर्षातून एकदा नारळ फोडायला जायचं, तर लाँचचं भाडं आणि वर पावती.

ही ओळ वाचल्यावर मला चिडता येईना, याचाच राग आला. कारण मला इथले नियम पाळणं सोपं जातं त्याचं कारण शिस्तबिस्त नाही. अल्गॉन्क्विनमध्ये माझं काहीच नाही. तिथल्या पाण्याखाली माझ्या आत्याचं सासर नाही, काठाला देव नाही. हेमलॉक आणि टॅमरॅक ही झाडं मी पुस्तकात बघून ओळखते. मेढ्याहून बामणोलीकडे जाताना मात्र जांभूळ, हिरडा, अंजन, गेळा, सगळे कुणी न सांगता ओळखीचे. परक्याच्या घरात चप्पल बाहेर काढायला कुणाला जड जातं? पोर्टेजवर भेटणारे म्हातारे हसून विचारतात, पहिल्यांदाच आलात का? मी पुष्कळदा "हो" म्हणून टाकते. संभाषण लवकर संपतं.

आणि एक सांगते. कधी पलीकडच्या जागेवर आपलीच मंडळी उतरतात आणि स्पीकरवर गणपतीतली गाणी लावतात. ती ऐकून माझा पाय ठेका धरतो आणि त्याच क्षणी मी मुलांशी इंग्रजीत बोलायला लागते, म्हणजे पाण्यावरून जाणाऱ्या होड्यांना कळावं की ते आणि आम्ही एक नाही. भाऊजींचं 'आपल्या लोकांना अक्कल नाही' तेव्हा माझ्याही जिभेवर तयार असतं. उलट इथल्या कुणी आपल्या लोकांच्या आवाजाबद्दल नाक मुरडलं तर मी त्यांना त्यांच्या मोटारबोटी आणि बिअरचे कॅन ऐकवते. तेही पुराव्यानिशी.

डिसेंबरात वासोट्याचा बेत आहे. भाचा लाँच ठरवतोय, त्याचं नियोजन म्हणजे आदल्या दिवशी बामणोलीत कुणालातरी फोन. मी त्याला यादी पाठवली, त्याने हसून हसून ती ग्रुपवर टाकली. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते, त्यामुळे अभयारण्याचं शुल्क मला भारतीयांइतकंच, परदेशी पर्यटकाचं नाही. नवरा खूश आहे. मी हिशेब वेगळा करते आहे. त्या खिडकीत कॅनडाचा पासपोर्ट घेतलेली मी आणि बापूकाका एकामागे एक उभे राहणार, आणि दोघांना एकच दर.

लाँचचं विचारायला परवा बापूकाकांना फोन केला. त्यांना इथल्या जंगलाबद्दल ऐकायचं होतं, तर सांगितलं. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, दोन हजारांहून जास्त तळी, 1893 पासून राखलेलं. "तिथे आधी कोण राहायचं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, अल्गॉन्क्विन लोक. उद्यान झालं तशी शिकार बंद झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली शिकार चोरी ठरली. त्यांचा जमिनीचा दावा छत्तीस हजार चौरस किलोमीटरवर आहे, उद्यान त्यातच येतं. 2016 मध्ये सरकारशी तत्त्वतः करार झाला, शेवटचा अजून व्हायचाय.

"मग त्यांना पण पावती फाडायला लावतात का गं?"

मी अस्वलांचा विषय काढला.