तीन हात मारूनही डाग वर का येतो

भिंतीवरच्या डागांसाठी एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे. प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी लावायच्या थराच्या, नादी लागू नका, दाट प्लास्टिक पेंटचे तीन हात मारा, डाग गायब. बुरशी असेल तर आधी ब्लीच फिरवा. ओल असेल तर वरून ऑइलपेंट लावून ती आतच कोंडा. हा सल्ला ऐकून लोक तीच भिंत पुन्हा पुन्हा रंगवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तीन हातांचं. हलका डाग त्यांत दबतोही, हे मान्य. पण गळतीचा पिवळा-तपकिरी डाग किंवा सिगारेटच्या धुराचा थर यांचं तसं होत नाही. त्यांतले रंग देणारे घटक पाण्यात विरघळतात आणि प्लास्टिक पेंट पाण्यातलाच असतो. ओला हात लागला की डाग त्यात उतरतो. रंग वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं, त्याच्याबरोबर डागही वर येतो. संध्याकाळी स्वच्छ दिसलेली भिंत सकाळी पुन्हा पिवळी होते ती यामुळे. रंग दाट आहे की पातळ, याने फार फरक पडत नाही.

इथे लागतो तो डाग अडवणारा प्रायमर, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा किंवा तेलाचा. त्यात पाणी नसल्याने असा डाग त्यात उतरत नाही. तो वाळला की वर नेहमीचा प्लास्टिक पेंट चालतो. अख्ख्या भिंतीला लावायची गरज नाही, पण डागाच्या कडेबाहेर चार बोटं तरी जायला हवं. गळतीचा डाग कडेलाच सर्वात गडद असतो, कारण पाणी सुकताना मळ तिथे साचवत जातं. खिडक्या मात्र उघड्या ठेवा, वास उग्र असतो. तेलकट डाग असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन भिंत वाळू द्या, नाहीतर प्रायमरही धरणार नाही.

ब्लीचने बुरशीचा काळा रंग उडतो, पण सच्छिद्र गिलाव्यात शिरलेली बुरशी राहू शकते. ओल तशीच राहिली तर ती पुन्हा उगवते. आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

सगळ्यात घातक सल्ला ऑइलपेंटचा. ओल कोंडली जात नाही. ती रंगामागे साचते, मग फुगे येतात आणि पोपडे निघतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर तर आणखी वाईट. त्यातला अल्कली तेलाशी मिळून अक्षरशः साबण बनवतो आणि रंग मऊ पडून सुटतो. म्हणून नवा गिलावा साधारण 28 दिवस मोकळा ठेवतात. वर सांगितलेला तेलाचा प्रायमरसुद्धा कोरड्या भिंतीवरच.

भिंत कोरडी आहे का, हे घरीच कळतं. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर पाणी भिंतीतून येतंय, आधी गळती शोधा. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय, तिथे वारा खेळता करा. दोन्ही बाजू कोरड्या असतील तेव्हाच डबा उघडा. प्रायमर वाळल्यावर वीतभर जागेवर रंग लावून रात्रभर थांबा. सकाळी पिवळेपणा दिसला, तर दुसरा हात प्रायमरचाच द्या, रंगाचा नको.