तो चिलखतातला फोटो तालिबानी राजवटीतला नाही

डोक्यावर रुमाल आणि अंगात छातीचा, नितंबांचा आकार ठोकून काढलेलं धातूचं चिलखत घातलेल्या बाईचा फोटो आमच्या ग्रुपवर परवा पुन्हा येऊन गेला. खाली मजकूर : 'तालिबान आल्यापासून अफगाण बायकांना घराबाहेर पडताना असं लोखंड घालावं लागतं.'

हे चूक आहे. फोटो फेब्रुवारी 2015 मधला, काबूलचा. तेव्हा तिथे तालिबान नव्हे, अश्रफ घनी यांचं सरकार होतं. आणि ती कुठली सक्ती नव्हती, कलाकृती होती. चित्रातली बाई म्हणजे कुब्रा खादेमी ही कलावंत. लहानपणी, चार-पाच वर्षांची असताना, रस्त्यात एका माणसाने तिला नको तिथे हात लावला होता. आपली चड्डी लोखंडाची असती तर, असं तेव्हा तिच्या मनात आलं. चिलखताची कल्पना तिथली.

ते घालून ती काबूलमधल्या कोटे संगी भागातल्या गजबजलेल्या रस्त्यावरून चालली. जेमतेम आठ मिनिटं. पुरुषांचा घोळका मागे लागला, शेरेबाजी सुरू झाली आणि तिला तिथून निघावं लागलं. (म्हणजे जे दाखवायचं होतं ते गर्दीनेच दाखवून दिलं.) पुढे जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, ती लपून राहिली आणि त्याच वर्षी फ्रान्सला गेली.

तालिबानने बायकांवर लादलेली बंधनं खरीच आहेत, पण हा फोटो त्यांचा पुरावा नव्हे. सगळं तालिबानच्या माथी मारलं की 2015 च्या त्या रस्त्यावरचे साधे बघे सहीसलामत सुटतात.