खिडक्या उघड्या ठेवून छप्पर वाचत नाही

चक्रीवादळाचा इशारा आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. सगळ्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, आतबाहेरचा दाब सारखा होईल. नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनसारखी घरं आतून फुटतील. काचांवर टेपची फुली मारा, गच्चीवरच्या पत्र्यांवर वाळूच्या गोण्या ठेवा. यातलं काहीही करू नका.

डार्विनला खरं काय झालं? २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे तिथे ट्रेसी चक्रीवादळ आदळलं. ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवून विमानतळावरचं वेगमापक बंद पडलं. साठहून अधिक माणसं गेली, ७० टक्क्यांहून जास्त इमारती पडल्या किंवा मोडकळीला आल्या. हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला, पण तो काही तासांत उतरतो. तेवढ्या वेळात बंद घरातही फटींतून हवेचा दाब समान होतो. घातक ठरलं ते दुसरंच. उडत्या पत्र्या-लाकडांनी वाऱ्याकडच्या खिडक्या फोडल्या, वारा आत शिरला आणि त्याने छप्पर खालून रेटलं. वरून जाणाऱ्या वाऱ्याची वर ओढ होतीच. खिडकी उघडी ठेवणं म्हणजे तेच आपल्या हाताने करणं.

‘वाऱ्याच्या उलट बाजूची उघडा’ हेही चालत नाही. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून गेला की वारा नेमका विरुद्ध दिशेने येतो.

डार्विनचे पत्रे मुख्यतः हरले ते भोकांपाशी. झोतामागून झोत बसताना स्क्रूभोवतीचा पत्रा वरखाली वाकत राहिला, तडकला आणि स्क्रू जागेवर ठेवून निघून गेला. छप्पर गेल्यावर भिंतींचा आधारही गेला. म्हणून पुनर्बांधणीच्या नियमांत पत्रा आणि त्याची जोडणी यांच्यावर १०,००० वेळा ताण देऊन पाहण्याची अट आली, आणि खिडकी फुटलीच आहे असं धरून आतल्या दाबाचा हिशेब करणंही आलं. एकदाच जोर लावून ‘घट्ट आहे’ म्हणणाऱ्या फॅब्रिकेटरला हे आवर्जून सांगावं.

आता गोण्या. ताशी १२० किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो. २० बाय ३० फुटांच्या शेडवर ही ओढ साधारण पावणेचार टन होते. कडांना आणि कोपऱ्यांत ती आणखी वाढते. म्हणजे ५० किलोच्या पंचाहत्तर गोण्या. तेवढं वजन शेडचा सांगाडा पेलणार नाही, आणि चार-पाच ठेवल्या तर त्या खाली कुणाच्या तरी डोक्यावर पडतील.

टेपने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे धारदार तुकडे एकत्र उडतात. तळमजल्यावर किंवा रो-हाऊसला बाहेरून १२ मिलिमीटरचा प्लाय ठोकता येतो. चौदाव्या मजल्यावर ते शक्य नाही. तिथे खिडक्यांच्या कड्या लावून आतल्या पॅसेजमध्ये किंवा बिनखिडकीच्या खोलीत बसावं.

शेड तपासायची ती मे महिन्याच्या आत. सर्वांत आधी खांबांचे अँकर बोल्ट पाहा. गच्चीवर विटांचा कोबा (गळती रोखणारा थर) असतो आणि बऱ्याचदा बोल्ट त्यातच संपतो. तो खालच्या आरसीसी स्लॅबमध्ये रुतलेला हवा. विटांच्या कठड्यात ठोकलेला बोल्ट धरू नका. मग पर्लिनचं, म्हणजे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचं, वेल्डिंग: खाडीच्या खाऱ्या हवेत रंगाखाली गंज चढतो, हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. पत्रा पर्लिनला धरून ठेवणारे गंजलेले जे-हूक बदला. कडेच्या आणि आढ्याजवळच्या पर्लिनवर प्रत्येक पन्हळीला स्क्रू द्या, डोक्याखाली रबरी वॉशरसोबत रुंद धातूची चकती घाला. स्क्रू इतका आवळू नका की पत्रा दबेल. तडा तिथूनच सुरू होतो.