सदाशिवगड शिवछत्रपतींनी बांधलेला नाही

दिवाळीचे किल्ले करायची वेळ आली की बेळगाव-खानापूरकडच्या मंडळांच्या ग्रुपवर एक मजकूर हटकून फिरतो. वर किल्ल्याचा फोटो आणि खाली दावे. कारवारला काळी नदीच्या मुखावर असलेला सदाशिवगड शिवछत्रपतींनी १६६५ मध्ये बांधला. त्याला नाव मिळालं पानिपतच्या सदाशिवरावभाऊंचं. महाराजांनी कारवारातून इंग्रजांना हाकललं. गडाजवळचा दर्गा मागाहून घुसवलेला आहे. आणि म्हणून कारवार पूर्वापार मराठीच. शेवटी ‘खरा मावळा असशील तर पुढे पाठव’.

पाठवू नका. यातलं बहुतेक सगळं चूक आहे.

नावाचं आधी उरकून घेऊ, कारण ते दोन ओळींचं काम आहे. भाऊसाहेबांचा जन्म १७३० चा. गड १६६५ चा धरला तर पासष्ट वर्षं तो बिननावाचा होता काय? हा मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःचीच दोन वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचलेली नाहीत.

आता १६६५. महाराज त्या वर्षी कारवारला आले होते, हे अगदी खरं. त्या फेब्रुवारीत त्यांनी समुद्रमार्गे बसरूर लुटलं, गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन घेतलं आणि अंकोल्यावरून ते काळीच्या मुखाशी आले. कारवारात तेव्हा आदिलशाहीचा सरदार शेरखान होता. त्याने गावाची जमेल तेवढी तजवीज केली, महाराजांशी बोलणी लावली आणि व्यापाऱ्यांकडून खंडणी गोळा करून दिली. त्यात इंग्रजांच्या वखारीला ११२ पौंड भरावे लागले. त्याच इंग्रजांच्या पत्रात एक मजेदार नोंद आहे: ऐन होळीत माझी शिकार शेरखानाने हुकवली, अशी कुरकुर करत महाराज २३ फेब्रुवारीला निघून गेले. काही दिवसांचा मुक्काम आणि तोही शत्रूच्या मुलखात. यात गड बांधायचा कधी?

बरं, निघाल्यावर तरी सवड होती का? मार्चअखेर मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना देऊन महाराजांकडे बारा उरले. सिंधुदुर्गासारखा मनात धरून बांधलेला किल्ला पुरा व्हायला सुमारे तीन वर्षं लागली, तीही स्वतःच्या मुलखात. कारवारला मात्र वेढ्याच्या धामधुमीत, दूरच्या किनाऱ्यावर गड उभा राहिला, असं हा मजकूर आपल्याला मानायला सांगतो.

मुळात तिथे किल्ला उभारायला महाराजांची वाट बघायची गरज नव्हती. तीन अंगांना पाणी असलेलं ते भूशिर नदी आणि दर्या दोन्हींवर नजर ठेवतं. घाटावरची मिरी आणि हुबळीकडचं तलम कापड काळीच्या मुखातूनच बाहेर जायचं. १५१० च्या सुमाराच्या पोर्तुगीज लेखनात इथल्या चित्ताकुलच्या किल्ल्याचा उल्लेख आहे. शिवजन्माच्याही शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

मग आजचा गड कोणाचा? सोंदेकरांचा. सोंदे म्हणजे शिरसीजवळचं स्वादी, मूळचं विजयनगरचं मांडलिक घराणं. तिथल्या बसवलिंग राजाने १७१५ च्या सुमारास कारवारचा जुना किल्ला पाडून हा नवा उभारला आणि त्याला आपल्या वडिलांचं, सदाशिव नायकांचं नाव दिलं. पुढे १७६३ मध्ये हैदरअलीने सोंदे घेतलं तेव्हा हे राजघराणं पोर्तुगीजांच्या आसऱ्याला गोव्यात गेलं. फोंड्याजवळ बांदोड्याला त्यांचा वाडा आहे. गोव्याला देवदर्शनाला जाणारे आपल्याकडचे कितीतरी लोक त्याच भागातून जातात, पण गडाचा खरा मालक तिथे स्थायिक झाला हे कोणाच्या गावीही नसतं.

इंग्रजांना हाकलल्याचं श्रेयही चुकीच्या दारी गेलंय. त्यांची वखार १६३८ पासूनची. १६७४ मध्ये महाराजांच्या सैन्याने कारवार गाव जाळलं, तेव्हा इंग्रजांना हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी फोंडा पडला आणि पाठोपाठ अंकोला, शिवेश्वर, कद्रा, कारवार स्वराज्यात आलं, तरीही वखार राहिली. महाराजांचा कारवारशी संबंध सांगायचाच तर हे १६७५ साल सांगा, ते भक्कम आहे. इंग्रजांवर खरोखर पळायची पाळी आली ती १६८४ मध्ये, त्यांच्या जहाजावरच्या खलाशांनी गाय चोरून मारली म्हणून. आणि अखेर १७२० मध्ये वखार हलली ती सोंदेकरांच्या वैरामुळे. त्यांच्या या नव्या गडाखाली इंग्रजांना सुरक्षित वाटेना. म्हणजे मजकुरातला पराक्रम घडला खरा, पण तो ज्यांनी केला त्यांचं नाव पुसून दुसऱ्याच्या नावे चढवलाय.

इथे जाणकार एक हुकमाचं पान टाकतात: रवींद्रनाथ टागोर. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण रवींद्रनाथ तिथे राहून गेले. एका चांदण्या रात्री काळीतून होडीने जाताना शिवाजीच्या जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी उतरलो, असं त्यांनी आठवणींत लिहिलंय. आक्षेप दमदार आहे, तो टाळू नये. पण ते नदीतून वर निघाले होते आणि किल्ल्याचं नाव त्यांनी दिलेलं नाही. वरच्या अंगाला कद्रा आहे, आणि तो खरोखर स्वराज्यात होता. शिवाय कवीने आठवणींत सांगितलेली ओळख म्हणजे बांधकामाची नोंद नव्हे. एवढं मात्र त्यातून कळतं की किल्ला दिसला की शिवाजीचा म्हणायची सवय मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. (‘कारवार म्हणजे कर्नाटकाचं काश्मीर’ हे वाक्यही त्यांच्या नावावर खपवतात. ते आले तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं.)

दर्ग्याचा मुद्दा सगळ्यात विषारी, आणि खोडायला सगळ्यात सोपा. १७५२ मध्ये पोर्तुगीजांनी हा गड घेतला तेव्हा त्यांनी त्याला ‘पीरो’ म्हटलं, तिथल्या पिरावरून. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी पीर इतका जाणता होता की परक्या आरमाराने गडच त्याच्या नावाने ओळखला. मग ‘मागाहून’ म्हणजे नक्की कधी? गडावर दुर्गादेवीचं देऊळही आहे. दोन्ही देवस्थानं एकाच टेकडीवर नांदतात, आणि त्याचा त्रास कारवारच्या मच्छीमाराला होत नाही, तो बेळगावात बसून फॉरवर्ड करणाऱ्याला होतो.

उरला ‘म्हणून कारवार मराठी’. हा ‘म्हणून’ कुठून आला? गड कोणी बांधला यावरून गावाची भाषा ठरत असती तर पारडं सोंदेकरांकडे, म्हणजे कन्नडकडे झुकलं असतं. आपल्याच मजकुराने आपलाच दावा बुडवायचा हा प्रकार. कारवारी माणूस घरात कोकणी बोलतो. मराठी त्याच्याकडे शाळेतून, भजनातून, जत्रेतल्या नाटकांतून आली, आणि १८६२ ते १९५६ या मुंबईच्या अमलात ती पक्की झाली. सीमाभाग महाराष्ट्रात यावा हा दावा उभा आहे तो या वहिवाटीवर. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात कारवार महाराष्ट्राला द्यायला नकार दिला, आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे ‘खरा मावळा असशील तर’ चालत नाही. एक खोटा पुरावा सापडला की समोरचा वकील बाकीच्या खऱ्या कागदांनाही त्याच माळेत ओवतो. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्यांना तरी हे कळायला हवं.

‘मग आपल्या मुलांनी सदाशिवगड करायचाच नाही का?’ असं एका मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलं. करा की! पाटीवर लिहा: बांधणी सोंदेकर बसवलिंग राजा, सुमारे १७१५. शेजारी कद्रा करा आणि तिथे लिहा: स्वराज्यात, १६७५. काळीचं पात्र काढा, खाली रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं ठेवा. किनाऱ्यावरची तेरा गावं सीबर्ड नौदल तळासाठी उठली, त्यातलंही एखादं दाखवा. आणि टेकडी अखंड करू नका. मधोमध खाच पाडा, कारण राष्ट्रीय महामार्ग आज गडाची टेकडी कापूनच पुलाकडे जातो.