‘बायबल न्यूट्रल वाचा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

परत तोच मेसेज फिरतोय. ‘बायबलला जात नसते, रंग नसतो. दलित, काळे लोक, बायका, गरीब यांच्या नजरेतून शास्त्र वाचणं म्हणजे मार्क्सवाद्यांनी चर्चमध्ये घुसवलेलं राजकारण आहे. बायबल न्यूट्रल वाचा. येशू फक्त आत्म्याच्या तारणासाठी आला, आणि गरीब नेहमीच असणार हे तो स्वतःच म्हणालाय.’ चांगल्या, विश्वासात असलेल्या लोकांनी हे पुढे पाठवलंय म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ते गरिबांचं वचन घेतो, कारण सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो. मार्क 14:7 पूर्ण वाचा ना. गरीब तुमच्याजवळ नेहमी आहेत आणि तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचं भलं करू शकता, असं आहे ते, मेसेजमध्ये पुढचं अर्धं सरळ गाळलंय. आणि हे शब्द येतात बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 15व्या अध्यायातून, तिथे मोशे म्हणतो की देशात गरीब असणारच, म्हणूनच मी तुला आज्ञा देतोय, आपला हात सैल सोड. तो अख्खा अध्याय कशाचा आहे? दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं, इब्री गुलामाला सहा वर्षांच्या चाकरीनंतर मोकळं करायचं, आणि मोकळं करताना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. म्हणजे ज्या वचनाने गरिबीवरचं बोलणं बंद करायचं चाललंय ते वचन आलंय कर्जमाफीच्या कायद्यातून!

आता ‘न्यूट्रल’. 1807 मध्ये लंडनला एक खास बायबल छापलं गेलं, कॅरिबियनमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी. त्यात इस्राएल लोक मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटतात तो निर्गम पुस्तकातला भागच नाही. ‘दास नाही व स्वतंत्र नाही’ हे गलती 3:28 पण नाही. दासांनो, धन्याची आज्ञा पाळा हे इफिस 6 मात्र ठेवलंय. गुलामाने निर्गम वाचलं तर त्याला त्यात काय दिसेल हे कापणाऱ्यांना नीट माहीत होतं, नाहीतर कात्री लावायची गरजच काय होती? नजर नसलेलं वाचन मला तरी कुठे सापडलेलं नाही, मळ्याच्या मालकाची पण नजरच असते, फक्त तिला कुणी वेगळं नाव देत नाही.

मार्क्सचं म्हणाल तर त्याचा जन्म 1818 चा. आणि 1511 मध्येच हिस्पॅनिओला बेटावर आंतोनियो दे मॉन्तेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूने स्पॅनिश मालकांना भर उपासनेत विचारलं होतं की हे इथले मूळ लोक माणसं नाहीत का. आपल्याकडे अरविंद निर्मलांनी दलित ईश्वरविज्ञान, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेला देवाबद्दलचा विचार, मांडताना आधार घेतला तो अनुवाद 26 मधल्या इस्राएल लोकांच्या कबुलीचा, ‘माझा बाप भटका अरामी होता’, म्हणजे आपले पूर्वज बेघर, दबलेले होते ही आठवण. हां, लॅटिन अमेरिकेतल्या काही ईश्वरविज्ञानी लोकांनी मार्क्सवादी मांडणी वापरली आणि 1984 मध्ये व्हॅटिकनने एक कागद काढून त्यावर टीका केली, ते मी नाकारत नाही. पण त्याच कागदात असंही बजावलंय की गरिबांच्या दुःखाकडे तटस्थपणे, बेफिकीरपणे बघणाऱ्यांनी या इशाऱ्याचं निमित्त करू नये. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

राहिलं आत्म्याचं तारण. ते मला पण हवंय, माझा विश्वासच त्यावर आहे. पण पंडिता रमाबाईंची साक्ष वाचा. 1883 मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या लिहितात की योहानाचा 4था अध्याय, शोमरोनी बाईचा (शोमरोनी म्हणजे यहूदी ज्यांना कमी लेखायचे ते लोक), वाचल्यावर कळलं की ख्रिस्त खरोखर तारणारा आहे आणि हिंदुस्थानातल्या दबलेल्या स्त्रीला वर उचलू शकेल तर तोच. तारण आणि वर उचलणं, दोन्ही एकाच दमात. ज्या गोष्टीवरचे आपले संदेश बहुतेक वेळा त्या बाईच्या पाच नवऱ्यांपाशीच अडकतात, तिच्यात रमाबाईंसारख्या एका विधवेला हे दिसलं. आणि अध्याय पुढे वाचला तर, येशू बाईशी बोलतोय याचंच शिष्यांना नवल वाटतं, ती मात्र घागर तिथेच टाकून गावात जाते, आणि पुष्कळ शोमरोनी लोक विश्वास ठेवतात ते तिच्या साक्षीवरून.