बॅग कुठे ठेवू?

आम्हा कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फाईलला राष्ट्रीय परिषदेचं प्रमाणपत्र लागतं, राष्ट्रीय परिषदा मोठ्या शहरात होतात आणि मोठं शहर म्हटलं की आम्हा लातूरकरांना मुंबई. रात्री लातूर एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं. इथवर सगळं सोपं असतं. पण गाडी पोचते सकाळी आणि लॉजची खोली मिळते दुपारी बाराला. मधल्या वेळात माणूस कुठेही उभा राहिला तरी मुंबई त्याला काही विचारत नाही. बॅगेचं तसं नाही.

नोंदणी शुल्क 3,500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,130. त्यात किट, चहा, जेवण, प्रमाणपत्र. निवास ज्याचा त्याने बघायचा. अंधेरीतल्या ज्या हॉटेलात परिषद होती, तिथल्याच खोल्यांचा ‘सवलतीचा दर’ पत्रकात छापला होता. तो वाचून बायको म्हणाली, "एवढ्यात आपलं सगळं घर तिरुपतीला जाऊन येईल." मी हिशोब घातला, तर येताना पंढरपूरही होत होतं. तेव्हा परिषद अंधेरीला आणि मी दादरच्या एका लॉजवर, असं ठरलं.

लॉजवाल्याला आधीच फोन केला. "सकाळी सातला आलो तर?"

"या की. अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त पडेल."

"मी नाही येत. नुसती बॅग ठेवतो."

"साहेब, बॅगेला पण जागा लागतेच ना!"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून स्टेशनच्या क्लोकरूमवर गेलो. खिडकीतल्या माणसाने तिकीट बघितलं, बॅग बघितली आणि म्हणाला, "कुलूप?" बिनकुलपाची बॅग ठेवून घेत नाहीत, रेल्वेचा नियमच आहे. बाहेर एकजण साखळ्या-कुलपं गळ्यात घालून उभाच होता. त्याने अडीचशे सांगितले, मी शंभर म्हणालो, दीडशेला जमलं. पण माझ्या बॅगेच्या चेनला रनर एकच. कुलूप अडकवायचं कशात? विक्रेत्याने एक अक्षर न बोलता माझ्या हातून बॅग घेतली, साखळी आडवी फिरवली, उभी फिरवली, हँडलमधून ओवली, गुडघा दाबून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. आत दोन शर्ट, टॉवेल, बायकोने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. बाहेरून मात्र रिझर्व्ह बँकेचा ऐवज.

हार्बरने अंधेरी गाठली. स्टेशनबाहेर रिक्षावाले हॉटेलचं नाव ऐकून मान नुसती डावीकडे वळवायचे. जवळचं भाडं कुणालाच नको होतं. शेवटी चालत गेलो आणि घामेघूम होऊन एसी हॉलमध्ये शिरलो. तिथे प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकले होते. ते येईपर्यंत दीपप्रज्वलन थांबलं, मग शाल-श्रीफळ, मग संयोजकांचं प्रास्ताविक, त्यात परिषदेला वेळ कसा कमी पडतो यावर बराच वेळ. दुपारी माझी पाळी आली तेव्हा पंधरा मिनिटांची पाच मिनिटं झाली होती.

माझा निबंध मांजरा खोऱ्यातल्या पाण्यावर होता. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून आमचं शहर जगवलं, तिथून सुरुवात केली. समोर प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची छोटी बाटली, दोन घोट घेऊन सोडलेली. मी भूजलपातळीच्या आलेखावर आलो, तेवढ्यात अध्यक्षांनी घंटी वाजवली. उपाययोजना राहिल्या. आभार मात्र मानू दिले. (उपाययोजना म्हणाल तर लातूरलाही त्या राहिल्याच आहेत.)

संध्याकाळी पुन्हा सीएसएमटीला, बॅग आणायला. तिथून साडेसहाच्या सुमारास दादरकडे. लोकलच्या गर्दीवर लिहिण्यासारखं लोकांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही, म्हणून फक्त बॅगेचं सांगतो. दारातच तीन-चार जण ओरडले, "काका, बॅग वर द्या!" ती डोक्यांवरून, हातांहातांतून खळखळ करत रॅकवर गेली. मी खाली, ती वर, मध्ये अर्धं ठाणे-डोंबिवली. एका मुलाने साखळीकडे बघून विचारलं, "काका, सोनंबिनं आहे का?" मी ‘चटणी आहे’ म्हणालो. डब्यात पहिल्यांदाच जरा जागा झाली, हसण्यापुरती. दादर येताच बॅग तशीच हातोहात परत आली, माझ्या आधी फलाटावर उतरली. मला मात्र कुणी हातोहात घेतलं नाही.

लॉजची खोली 2,800 रुपयांची. बॅग उघडायला पलंगाखेरीज जागा नव्हती, आणि ती पलंगावर उघडली की मी पॅसेजमध्ये. शेजारच्या खोलीतले गृहस्थही पॅसेजमध्येच होते. तेही परिषदेलाच आलेले, नांदेडचे. त्यांनी बॅग अर्ध्या दिवसाचं भाडं भरून ठेवली होती.

परत आल्यावर प्रवासभत्त्याचं टीए बिल भरलं. आमचे लेखापाल सज्जन आहेत, पण त्यांचा विश्वास फक्त मूळ पावतीवर. टॅक्सीची पावती? नाही. हमालाची? नाही. वडापावची? मी बघत राहिलो. नशिबाने कुलूपवाल्याने एका चिठोऱ्यावर ‘साखळी कुलूप 150’ लिहून सही करून दिली होती. सगळ्या बिलात लेखापालांना तेवढी एकच बाब आवडली. त्यांनी ती मंजूर केली आणि चष्मा वर सरकवत म्हणाले, "सर, खर्च कॉलेजने केला म्हणजे वस्तू कॉलेजची. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करून साखळी-कुलूप आजच भांडारात जमा करा. किल्लीसकट."