‘सैन्याला हाकलणारे आदिवासी’: एका फॉरवर्डची झडती

हा मजकूर मला आठवड्यात तीन जणांनी पाठवला, तिघांनीही ‘विचार करा’ असं वर लिहून. म्हणून केला.

मजकुराचा गोषवारा असा: झारखंडच्या नेतरहाट पठारावर आपला तोफखाना गोळाबारीचा सराव करायचा, तो आदिवासींनी बंद पाडला. जमीन म्हणजे ओसाड जंगल. मालकी कुणाची काढून घेतली नव्हती. सराव तात्पुरता, वर भरपाईही. तरी विरोध केला, म्हणजे बाहेरच्यांनी भडकवलेला देशद्रोह. आणि शेवटी ठेवणीतला प्रश्न: मग जवानांनी सराव करायचा कुठे?

‘ओसाड’पासून सुरुवात करू. १९९१-९२च्या अधिसूचनांनी सरावाचं क्षेत्र वाढवून १४७१ चौरस किलोमीटर केलं, बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. त्यात तेव्हाच्या पलामू आणि गुमला जिल्ह्यांतली २४५ गावं येत होती. उरांव, मुंडा, असुर, बिरजिया या आदिवासी लोकांची घरं, शेतं, सरना (पूजेच्या देवराया). ज्या जंगलाला ओसाड म्हटलंय तिथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अख्खी कुटुंबं मोहफुलं वेचत असतात. आपल्याला नकाशावर हिरवा रंग दिसला की माणूस दिसत नाही, ही सवय जुनी आहे.

‘मालकी काढून घेतली नव्हती.’ हे मात्र खरं आहे, आणि सगळी गोम इथेच आहे.

हा सराव चालायचा १९३८च्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या, ‘मनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट’खाली. या कायद्याच्या कलम ९नुसार सरकार राजपत्रात अधिसूचना काढून क्षेत्र आणि मुदत ठरवतं. सराव सुरू असताना धोक्याच्या टापूतून माणसं-जनावरं हलवण्याचा अधिकार लष्कराला मिळतो. खतियानावर (आपल्याकडचा सातबारा समजा) नाव तुमचंच राहतं. फक्त सांगितलं की घर सोडायचं आणि परत बोलावलं की यायचं. १९९६च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासीबहुल, भागात विकासप्रकल्पांसाठी जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक केली. पण इथे कागदोपत्री संपादनच नाही! मग विचारायचं कुणाला आणि कशाला? पेसा येऊन तीन वर्षं झाल्यावर, १९९९ साली, अधिसूचनेची मुदत थेट ११ मे २०२२पर्यंत वाढवली गेली. जमीन घेतली असती तर निदान सुनावणी तरी लागली असती.

यानंतर ‘तात्पुरता’ या शब्दावर फार बोलायला नको. पन्नाशीच्या दशकात सात गावांपासून सुरू झालेलं प्रकरण २४५ गावांपर्यंत गेलं आणि कागदावर २०२२ साल उजाडेपर्यंत टिकलं.

भरपाई पिकाची देता येते, जनावराची देता येते. न फुटलेल्या गोळ्याची कशी देणार? तो मातीत पडून राहतो आणि नांगराची किंवा पोराच्या हाताची वाट पाहतो. आपल्या नगरच्या के. के. रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सराव मैदानावर, भंगारासाठी तुकडे वेचताना स्फोट होऊन माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हवाईतलं काहोओलावे बेट अमेरिकी नौदलाने १९४१पासून सरावासाठी वापरलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या आंदोलनानंतर १९९०मध्ये बॉम्बफेक थांबली. पुढे सफाईवर सुमारे ४० कोटी डॉलर खर्च झाले, तरी बेटाचा जवळपास पाव भाग अजून साफ झालेला नाही. हे जगातल्या सगळ्यात श्रीमंत लष्कराचं झालं.

‘बाहेरच्यांनी भडकवलं.’ २२ मार्च १९९४ रोजी सैन्य सरावासाठी आलं तेव्हा नेतरहाट भागातल्या टुटुवापानीला हजारो आदिवासी रस्त्यावर बसले होते. बायका सगळ्यात पुढे. त्यांची घोषणा होती, ‘जान देंगे, जमीन नहीं देंगे’. सैन्य गोळी न झाडता माघारी फिरलं. तेव्हापासून दरवर्षी २२-२३ मार्चला लोक तिथेच जमतात, आणि एप्रिल २०२२मध्ये ते टुटुवापानीहून रांचीच्या राजभवनापर्यंत चालत गेले. भडकवलेली माणसं इतकी वर्षं तारीख पाळत नाहीत.

आता देशद्रोह. १९७१च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या गंगासागरला धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते अल्बर्ट एक्का हे याच गुमला जिल्ह्यातल्या जारी गावचे, उरांव समाजाचे. आणि दुसरं: २०२०मध्ये के. के. रेंजच्या विस्ताराची कुणकुण लागली, तेव्हा राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतले शेतकरी उठले, शरद पवारांनी विषय संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यापर्यंत नेला. त्या शेतकऱ्यांना कुणी देशद्रोही म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायलाही नको होतं. मग उसाची जमीन वाचवणारा शेतकरी आणि मोहाची जमीन वाचवणारा देशद्रोही, हे कसं?

राहिला तो ठेवणीतला प्रश्न. सैन्याला सराव लागतो, त्याला मैदानं लागतात, यात वाद नाही. नेतरहाटच्या लोकांनीही सैन्य नको असं म्हटलेलं नाही. ११ मे २०२२पर्यंत कागद जिवंत होता आणि ऑगस्टमध्ये झारखंड सरकारने मुदत न वाढवण्याचा निर्णय घेतला. पण १९९४नंतर त्या पठारावर सरावाची एकही तोफ धडाडली नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी कारगिल झालं. टायगर हिलवर, तोलोलिंगवर याच तोफखान्याने काय केलं, ते मजकूर पाठवणाऱ्या तिघांनाही तोंडपाठ आहे.